उभं राहण्याची रीत

लिंडेनाउ, चुई खोरं
२८ नोव्हेंबर २००६

प्रिय हिल्डा,

प्रभूची शांती तुझ्या घरात असो. तू जर्मनीहून पाठवलेली कॉफी आणि लोकरीचे मोजे पोचले. इथे पहिला बर्फ पडून वितळला, आता नुसता चिखल आहे. बिहीचा मुरंबा यंदा बरा जमला. चिठ्ठ्या चिकटवताना सवयीने एका बरणीवर तुझं नाव लिहिलं. माझे गुडघे तसेच.

फोनवर तू विचारलंस, आईच्या दफनाला कबरीवर पाठ वाचला का कुणी? मी म्हणाले, सगळं नीट झालं. मग फोन कट झाला असं तुला वाटलं असेल. झाला नव्हता. मीच ठेवला.

नीट झालं नाही, हिल्डा. कुणीच वाचलं नाही.

ज्या अमालियामावशीने चाळीस वर्षं या गावातल्या प्रत्येक कबरीवर वाचलं, त्या तुझ्या आईसाठी. सोव्हिएत काळात आपले पाळक तुरुंगात होते, निम्मे पुरुष छावण्यांतून परतलेच नव्हते, तेव्हा तिने तोंडपाठ असलेलं सगळं वहीत उतरवून काढलं आणि तुमच्या स्वयंपाकघरात मंडळी जमवली. आपण दोघी दाराशी पहारा द्यायचो, आठवतं? तू हसायचीस, मी घाबरायचे. त्यात पुढेही काही बदललं नाही.

पाळक वाल्डेमारनी आदल्या दिवशीच निरोप धाडला होता, "मंडळीतून वगळलेल्या सभासदासाठी घंटा नाही, पाठ नाही. आणि बायकांनी कबरीवर वाचणं बंद झालंय, हे सगळ्यांना माहीत आहे." आम्ही बाराजणं खड्ड्याभोवती उभी होतो. वही माझ्या पिशवीत होती, मावशीनेच ती माझ्याकडे दिली होती. शेजारची सबीरा हळूच म्हणाली, "एर्नाबाई, तुमच्यात काही म्हणत नाहीत का?"

"म्हणतात," मी म्हटलं.

ती थांबली, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मग तिनेच दोन्ही तळवे पसरले, काही पुटपुटली, चेहऱ्यावरून हात फिरवले. तुझ्या आईच्या वाट्याला तेवढीच प्रार्थना आली, तीही मुसलमान शेजारणीची. मी पिशवीची गाठ सोडली नाही.

आता ते दुसरं. तू गेल्यापासून तीन वर्षं मी तुला मुरंबा, बर्फ आणि गुडघे लिहीत आले. तूही कधी विचारलं नाहीस. ते तुझं शहाणपण की मला शिक्षा, ठाऊक नाही.

सभेतली आपली रीत तुला सांगायला नको. ज्याला मान्य आहे तो बसून राहतो, ज्याला नाही तो उभा राहतो. वाल्डेमार शहरातून आले, पण ही रीत त्यांनी आपल्यापेक्षा चांगली ओळखली. त्या सभेत त्यांनी मंडळीची नवी घटना वाचून दाखवली. सभासदांची सभा यापुढे नाही, पाळक नेमतील ते पाच वडीलजन सगळं ठरवतील. "कुणाचा विरोध?" तू उठलीस. आदल्या दिवशी तुझ्या अंगणात आपलं ठरलं होतं, तू उठलीस की मी उठायचं, मग बाकीच्या उठतील. तू वळून माझ्याकडे पाहिलंस. मी बाकाची कड घट्ट धरून बसले. नंतर तुला म्हटलं, गुडघ्यांनी दगा दिला.

गुडघे त्या दिवशी ठणठणीत होते.

आठवडाभर आधी वाल्डेमार माझ्याकडे चहाला आले होते. म्हणाले, "भगिनी एर्ना, मृतांच्या रविवारी दिवंगतांच्या यादीत तुमच्या रॉबर्टचं नाव वाचत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. मंडळीत शांतता राहिली, तर वाचता येईल." सामूहिक शेतीच्या हुकमावरून प्रार्थनाघराला सील ठोकलं ते माझ्या नवऱ्याने. म्हणून मंडळीच्या वडीलजनांनी वीस वर्षं त्याचं नाव यादीत घेतलं नाही. पण त्याच्या कबरीवर वाचायला आलं होतं कोण? तुझी आई. "देव सील बघत नसतो, पोरी," म्हणाली होती. आणि मी तिच्याच मुलीला एकटीला उभं ठेवलं. तुला वगळलं, तू देश सोडून गेलीस. मावशीने वाल्डेमारना वही द्यायचं नाकारलं, म्हणून नव्वदीच्या बाईला वगळलं. आणि दरवर्षी रॉबर्टचं नाव आलं की मी रुमाल डोळ्यांना लावत राहिले.

परवा मृतांचा रविवार झाला. एकेका नावाला घंटेचा एकेक ठोका. रॉबर्टचं नाव आलं. यादी संपली, तुझ्या आईचं आलं नाही. मी उठले. म्हटलं, "अमालिया नसेल, तर माझ्या रॉबर्टचंही नाव खोडा."

वाल्डेमारनी चष्म्यावरून पाहिलं. अगदी मऊ आवाजात म्हणाले, "बसा, भगिनी एर्ना. गुडघे दुखतील."

मागून कुणीतरी हसलं, इडा असावी. चाळीसेक माणसं होती, सगळ्यांचे पाय धड. कुणी उठलं नाही. तू त्या दिवशी किती वेळ तशी उभी होतीस, ते मला तेव्हा कळलं.

काल दोन ओळींचं पत्र आलं. मी वगळलेली, रॉबर्टही.

आज सबीराला सोबत घेऊन कबरीवर गेले आणि वही उघडली. सगळा पाठ वाचला, एक ओळ सोडली नाही. आवाज बारीक निघाला. सबीराला एक शब्द कळत नव्हता, तरी संपेपर्यंत चिखलात उभी राहिली. खड्डा बुजल्यावर वाचलेलं पोचतं का, हे तुझी आईच सांगू शकली असती.

क्षमा मागत नाही. एकच विचारते. त्या दिवशी वळून पाहिलंस, तेव्हाच तुला कळलं होतं का?

वही आणि तुझ्या नावाची बरणी एकाच कपाटात आहेत. माझ्या वेळी वाचायला आता गावात कुणी उरलं नाही.

तुझी,
बसून राहिलेली
एर्ना