अब्बांचं उत्तर

अकोट, मंगळवार, संध्याकाळच्या मगरिबच्या नमाजनंतर

लकव्यात अब्बांचं बोलणं गेलं. माझं नावसुद्धा येत नाही त्यांना. फक्त मशिदीत अजान सुरू झाली की ओठ हलतात आणि एकेक ओळ ते मागोमाग म्हणतात. डॉक्टर म्हणाले होते, पोपटपंची आहे ती, समजून नाही. राग आला होता मला. कारण 'नमाजकडे या' ही ओळ ऐकणाऱ्याने परत म्हणायची नसते. तिथे 'अल्लाहशिवाय कुणाकडे ताकद नाही' असं उत्तर द्यायचं असतं. आणि अब्बा लकव्यानंतरही तिथे रोज न चुकता ते उत्तर द्यायचे. पोपट असं करेल का? म्हणजे आत ते आहेत, ऐकताहेत. एवढ्याच्याच जिवावर मी इतके दिवस...

आज त्यांनी उत्तराऐवजी तीच ओळ म्हटली. नमाजकडे या. अजानमध्ये ती दोनदा येते, दोन्ही वेळा तीच.

शेजारच्या रेखाताई भाजी द्यायला आल्या होत्या. "भाऊ, आज तर काका साफ बोलून राहिले. मले दारातून आयकू आलं." हो म्हणालो. भाजी घेतली.

एखाद्या वेळी चुकलं असेल? उद्या पहाटे बघू, असं लिहिलं होतं. खोडलं.

अम्मीला कळलं नसावं असं वाटलं. तिने डोक्यावरची ओढणी सावरली, अब्बांचं तोंड पुसलं. मग त्यांच्या कानाशी वाकून ते उत्तर तिने त्यांच्यासाठी म्हटलं. दोनदा.