खुंट: रानवांगे, ओळख निश्चित

२३ ऑक्टोबर, बुधवार

रानमिरचीच्या सात नंबरच्या कुंडीतली पाटी पुन्हा उलट्या बाजूला रोवलेली. पाट्या मी उत्तरेकडे तोंड करून लावतो. घरचा स्वयंपाक करून बागेला पाणी घालणाऱ्या केवळाबाईंखेरीज बागेत कोणी येत नाही. विचारले, तर म्हणे — "वाऱ्यानं फिरली असंल, सर." वारा पाटी उपटून पुन्हा रोवत नाही.

कलमी टोमॅटोची पहिली फळे पिकली. खाली रानवांग्याचा खुंट, वर टोमॅटोची काडी. मुळकूज नाही, एक पान पिवळे नाही. खुंटाची रोपे हिमायतनगरकडच्या ओढ्याकाठून, चार पानांवर असताना, मीच ओळखून आणलेली. श्रावणात कलम बांधताना केवळाबाईंनी एक पान चुरगाळून हुंगले — "ह्याला धोतऱ्यावानी वास येऊन राहिला, सर." मिरची, वांगे, टोमॅटो, धोतरा ही सगळी एकाच कुळातली, वासात साम्य असायचेच, हे त्यांना समजावून दिले. एकतीस वर्षे हेच शिकवले.

मुतखड्यामुळे मला टोमॅटो वर्ज्य. एक फळ मीठ लावून सौदामिनीला दिले. एक केवळाबाईंना देऊ केले. "नको सर, त्या झाडाचं खायाला मन होत न्हाई." उद्धटपणा. वर नाकाला पदर.

२६ ऑक्टोबर, शनिवार

सौदामिनीचे काहीतरी बिनसले आहे. दुपारच्या जेवणात दोन टोमॅटोंची कोशिंबीर आवडीने खाल्ली, आणि चार वाजता तोंडाला कोरड. तीन तांबे पाणी प्यायली. वर्तमानपत्रातली अक्षरे दिसेनात. गाल लालबुंद. मग भिंतीकडे बोट दाखवून म्हणाली, "अहो, मुंग्या बघा किती." भिंत स्वच्छ होती. रात्री आपोआप उतरले.

२७ ऑक्टोबर, रविवार

आज पूर्ण बरी. कालचे काहीच आठवत नाही म्हणते.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

पुन्हा तेच. या वेळी हवेतून दोरे वेचत होती — बोटांनी, अगदी मन लावून. इथल्या डॉक्टरांचे निदान: "सर, वय झालं. लातूरला मेंदूचं दाखवून घ्या."

मला हे मान्य नाही. तिच्या डोळ्यांच्या बाहुल्या मी विजेरी लावून पाहिल्या — बुबुळाची जेमतेम कड उरली होती. कोरडे तोंड, लाल गाल, मोठ्या बाहुल्या, भ्रम. ही म्हातारपणाची लक्षणे नव्हेत. हे धोतऱ्याचे विष आहे, आणि ते कोणाच्या तरी हातून तिच्या पोटात जात आहे. स्वयंपाकघरात हात एकच.

३० ऑक्टोबर, बुधवार

केवळाबाईंनी माहेरच्या रानमिरचीचा ठेचा आणला होता. त्यातले बी धुऊन भिंगाखाली मांडले. एकशे बारा दाणे. मिरचीचे बी फिकट, चपटे, गोलसर. धोतऱ्याचे तपकिरी, मूत्रपिंडाच्या आकाराचे, कडेला दुहेरी धार. एकशे बाराही मिरचीचे. त्यांनीच आणलेली कामोनीची, म्हणजे मकोयची, पालेभाजी तपासली. तीही कामोनीच.

याचा अर्थ एवढाच, की या वेळी काही सापडले नाही.

संध्याकाळी सरळ विचारले. त्या भाकरी थापत होत्या. हात थांबला नाही.

"बाईंला म्या काय घालीन, सर? माझ्या हातचं तुमीबी खाता की."

"मला काही होत नाही. हाच तर प्रश्न आहे."

"मंग बाई खातात आन तुमी खात न्हाईत, असं काय हाय ते हुडका."

मला संशोधनपद्धती शिकवणे चालले होते. सौदामिनी आतून ओरडली — "त्यांना बोलू नका हो, बावीस वर्षं झाली त्यांना या घरात." बावीस वर्षांत माणूस घरातला कोपरा न् कोपरा ओळखतो, हे तिच्या लक्षात येत नाही.

७ नोव्हेंबर, गुरुवार

दिवाळीचा आठवडा लातूरला भार्गवीकडे काढला. मेंदूची तपासणी निर्दोष. आठ दिवसांत एकदाही त्रास नाही. सौदामिनीने नातीला चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवून दाखवला.

अहमदपुरात त्रास, लातुरात नाही. लातुरात केवळाबाई नव्हत्या. यापेक्षा स्वच्छ पुरावा कोणता हवा? भार्गवी म्हणाली, "बाबा, एवढ्यावरून माणसाला घालवतात का?" तिने विज्ञान सोडून वाणिज्य घेतले तेव्हाच मी तिच्याशी वाद घालणे सोडले.

संध्याकाळी घरी पोचताच केवळाबाईंना सांगितले, उद्यापासून येऊ नका. रडल्या नाहीत. बागेची किल्ली ओट्यावर ठेवली.

"टमाट्याच्या झाडाला बुडातून फुटवा आलाय. मोडला न्हाई म्या, तुमी बघावा म्हणून ठिवलाय. कळी धरलीय त्यानं. तेवढं फूल उमलू द्या, सर. मंग मला काय म्हणायचं ते म्हणा."

खुंटाचा फुटवा दिसताच खुडायचा असतो, हे त्यांना पन्नासदा सांगितले आहे. जाता जाता आणखी एक कामचुकारपणा.

सौदामिनी माझ्याशी बोलत नाही.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

बागेत गेलो नाही. वरण-भात स्वतः केला. भात गिचका झाला. सौदामिनीने खाल्ला. प्रकृती उत्तम.

९ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी पाणी घालायला गेलो. आठवडाभरात फळे भरपूर पिकली होती, तोडून आणली. फुटवा पानांच्या दाटीत असेल, उद्या सावकाश पाहू — चुलीवर दूध होते.

सौदामिनीची समजूत काढायची म्हणून तिच्या आवडीची कोशिंबीर केली. सहा टोमॅटो, दाण्याचे कूट, वरून हिंगाची फोडणी. आज या स्वयंपाकात परका हात नाही, असे तिला मुद्दाम सांगितले. ती पहिल्यांदा हसली. म्हणाली, "फोडणी जळली आहे." पण सगळी खाल्ली.

१० नोव्हेंबर, रविवार

लातूर. रुग्णालय. काल पाचपासून तिने मला ओळखले नाही. मला "गुरुजी" म्हणत होती आणि घरी सोडा म्हणून हात जोडत होती. हात पलंगाला बांधावे लागले. नाडी एकशे चाळीस.

डॉक्टरांनी विचारले, काल काय खाल्ले, कोणी केले.

स्वयंपाकघरात मी एकटा होतो.

११ नोव्हेंबर, सोमवार

कपडे न्यायला अहमदपूरला आलो. आधी बागेत गेलो.

फुटव्यावर फूल उमलले आहे. वीतभर लांब, पांढरे, कर्ण्यासारखे. पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही चुकणार नाही. खालचे पान चुरगाळून हुंगले.

धोतऱ्याचे विष मुळांमध्ये तयार होते आणि खोडातून फळात चढते. हे मी दर वर्षी फळ्यावर लिहीत असे.

डॉक्टरांना फोन करून कळवले. दुसरा फोन केवळाबाईंना करायचा आहे. बावीस वर्षे, आणि त्यांचा नंबर माझ्याकडे नाही — तो सौदामिनीला पाठ आहे.