गाडी बोलली नाही

नांदुरा
रविवार, १९ नोव्हेंबर २०२३

प्रिय समीक्षा,

तुझ्या शेवटच्या पत्राला मी सहा वर्षांत उत्तर दिलं नाही. त्याची माफी मागतो. वेळ मिळाला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. वेळ होता. नांदुऱ्यात माणसाजवळ दुसरं काही नसलं तरी वेळ असतो. तुझा नंबरही आहे. पण फोनवर मी फार चांगलं बोलतो, स्वतःच्या सोयीचं बोलतो, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे? कागदावर निदान खोडलेलं दिसतं. या पत्रात ते बरंच दिसेल. मी ते तसंच ठेवणार आहे.

आमचं घर स्टेशनच्या मागे आहे. मालगाडी आली की आधी फळीवरच्या कपबशा किणकिणतात, मग खिडकीची काच, मग माझा पलंग. कोणती गाडी किती डब्यांची, हे मला कपांवरून सांगता येतं. आई आता एक्याऐंशीची आहे. तिला पुण्याला नेलं होतं तेव्हा तिसऱ्याच दिवशी ती म्हणाली होती, "अनंता, इथं गाड्या लय दिसतात रे, पण एकही आपल्या घरावरून जात नाही." तिला घेऊन परत आलो आणि इथल्या तंत्रनिकेतनात मोटारगाड्यांचा विषय शिकवायला लागलो. तेव्हा वाटलं होतं दोन वर्षं. आता नववं चालू आहे. गावात दुसरं तंत्रनिकेतन नाही आणि माझ्या शिक्षणाला दुसरी नोकरी नाही. खिडकी उघडी ठेवली तरी मालगाडी आत येते, बंद केली तरी. तक्रार करायला हे लिहीत नाही. पुढे जे घडलं त्यात मी किती बाजूंनी अडकलो आहे ते तुला नीट कळावं म्हणून सांगितलं.

आमच्या प्रयोगशाळेत रुक्मिणीबाई मदतनीस आहेत. वय पंचावन्नच्या आसपास. रोज वरवट बकालहून येतात, तुळशीरामच्या व्हॅननं. तुळशीरामची गाडी जुनी, अकरा माणसांची. मागच्या सीटवर, बरोबर एक्सलच्या वर, रुक्मिणीबाईंची जागा ठरलेली. जून महिन्यात एकदा त्या माझ्या टेबलाजवळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सर, त्या गाडीनं माह्या डोक्यात भुंगा सोडून देल्ला जी. घरी गेल्यावरबी घूं घूं चालू राह्यते. तुमी येवढं आवाजाचं शिकून आले, काही करा ना." समीक्षा, इथे नऊ वर्षांत माझं खरं काम मला कोणी पहिल्यांदा विचारलं होतं. मी त्याच दिवशी त्यांच्याबरोबर गाडीत बसलो.

पूर्णा नदीच्या अलीकडे रस्ता सरळ आहे. अठ्ठावन्नच्या वेगाला ती गुणगुण सुरू झाली, आणि मला आपली चाकणची कंपनी आठवली. तोच सूर. एक्सलच्या पोटातले दोन दातेरी गिअर, क्राऊन आणि पिनियन, एकमेकांवर घासून गातात. ते गाणं एक्सलच्या कवचातून स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये येतं, पाट्यांच्या टोकांच्या बुशमधून चेसिसमध्ये आणि तिथून पत्र्याच्या फरशीत. फरशी म्हणजे ढोलच. तू शिकायला आलेल्या नव्या मुलांना सांगायचीस ना, आवाजाला तीन घरं असतात, उगम, वाट आणि कान. मी वाटेवर काम करायचं ठरवलं. पाटे आणि एक्सल यांच्या मध्ये रबराची गादी घातली. ते रबर कापसाच्या जिनिंग कारखान्यातून आणलं, तिथला रुई वाहणारा जुना पट्टा कापून. बुश बदलून मऊ रबराचे टाकले, तेही आम्ही प्रयोगशाळेतच ओतले. तीन वेळा फसलो. चौथ्यांदा जमलं. फरशीवरचा आवाज नऊ डेसिबलनं उतरला.

उगमाकडे मी गेलो नाही. एक्सल उघडायचा तर गाडी दोन दिवस उभी राहिली असती आणि तुळशीरामनं मला फक्त रविवार दिला होता. हे कारण खरं आहे, पण पुरेसं नाही. मला उघडायचाच नव्हता. जुनी गाडी आहे, दात झिजलेत, गुणगुणणारच, असं मी आधीच ठरवून टाकलं होतं. आणि उघडून काही सापडलं असतं तर माझं रबर दाखवायची संधी गेली असती. हे दुसरं कारण मला चार दिवसांपूर्वी सापडलं, डायरी लिहिताना.

त्या रविवारी वर्गातली मुलं होती, प्राचार्यही येऊन गेले. एक चक्कर मारून आल्यावर तुळशीराम खाली उतरला, गाडीच्या मागच्या बाजूला वाकून बघत राहिला आणि म्हणाला, "सर, झाक झालं. पण हे बोलणंच बंद झालं तं मले समजन कसं, तिले काय होऊन राह्यलं?" इकडे गाडीचा कुठलाही भाग आवाज करायला लागला की तो "बोलतो" असं म्हणतात. बेअरिंग बोलते, गिअर बोलतो. तुला हे ऐकून हसू आलं असतं, मी "का"ऐवजी "काऊन" म्हटल्यावर यायचं तसं. मीही हसलो. मुलांसमोर म्हणालो, "तुळशीराम, आता ती बोलणारच नाही, मग तिला दुखायचं काय?" सगळे हसले. तोही हसला.

एक नोव्हेंबरला सकाळी पूर्णेच्या पुलाच्या जरा अलीकडे पिनियनचं बेअरिंग जाम झालं. मागची चाकं एकदम अडकली, गाडी घसरत रस्त्याखाली उतरली आणि कपाशीच्या शेतात आडवी झाली. माती मऊ होती म्हणून जीव कोणाचा गेला नाही. चौघांना मुका मार. रुक्मिणीबाईंचं खुब्याचं हाड मोडलं. त्या मागच्या सीटवर होत्या.

लोकांनी तुळशीरामला विचारलं, काय झालं? तो एकच सांगत राहिला, "गाडी बोललीच नाही जी." जबाबातही त्यानं हेच सांगितलं. लिहून घेणाऱ्यानं पेन थांबवून त्याच्याकडे पाहिलं म्हणे. वरवट बकालच्या स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर मी स्वतः ऐकलं, "काऊन बे तुळशा, गाडी का तुही बायको हाय, बोलाले?" आणि दुसरा, "बायको असती तं लय बोलली असती!" तुळशीराम बशीतला चहा पीत खाली बघत होता. मला पाहून उठला, नमस्कार केला, खुर्ची पुढे केली. पूर्ण टपरीवर त्या वाक्याचा अर्थ कळणारा मी एकटा होतो, आणि मी चहा प्यायलो.

आता माझी अडचण ऐक. तपास करणाऱ्यांनी आमच्या कॉलेजकडे तांत्रिक मत मागितलं आणि प्राचार्यांनी ते माझ्याकडे दिलं, कारण विषय माझा. ती गादी माझी आहे हे प्राचार्यांना माहीत आहे. "म्हणून तर तुम्हीच लिहा," असं म्हणाले आणि फाइल माझ्याकडे सरकवत पुढे म्हणाले, "काय लिहायचं ते तुम्हाला समजतंच." माझ्या कागदावर तुळशीरामचं लायसन्स आणि त्याच्यावरचा गुन्हा ठरणार आहे. एक्सल आमच्या वर्कशॉपमध्ये आणून ठेवलाय. मी उघडला. बेअरिंगचे रोलर तापून निळे पडलेत, पिंजरा तुटलाय. सीलमधून तेल गळत गेलेलं, तळाशी बोटभरही नव्हतं. असं बेअरिंग जाण्याआधी दोन-तीन आठवडे तरी ओरडतं. आधी घरघर, मग खडखड. एरवी वरवट बकालपर्यंतच्या प्रत्येक माणसाला ते ऐकू आलं असतं, आणि तुळशीरामला तर सगळ्यात आधी. त्याला एका बाजूनं कमी दिसतं, पण कान असे आहेत की दुसऱ्याच्या गाडीचा बिघाड तो चालता चालता सांगतो. त्याचे ते कान मीच बंद केले. आणि याहून एक वाईट शंका आहे. मऊ रबरामुळे एक्सलला झुलायला वाव मिळतो, जोर पडला की पिनियनचं तोंड वर उचलतं आणि बेअरिंगवर वाकडा भार येतो. म्हणजे बेअरिंग आपणहून जात होतं आणि मी फक्त ते झाकलं, की मीच ते घालवलं? मला सांगता येत नाही. आवाज सोडून मी आधी काही मोजलंच नव्हतं.

अहवालाचा पहिला मसुदा असा होता: तेलाची पातळी अत्यंत कमी आढळली. चालकानं नियमित तपासणी केली नव्हती. तेलाअभावी बेअरिंग निकामी झालं. सगळं खरं आहे. तुळशीरामही नाकारणार नाही. पण वाचून पाहिलं तर प्रत्येक वाक्य खरं आणि कागद खोटा. दुसऱ्या मसुद्यात गादीचा उल्लेख शेवटी, "इतर निरीक्षणे" या मथळ्याखाली केला. तिसऱ्यात तो काढला. परवानगीशिवाय गाडीत बदल करणं हा गुन्हा आहे आणि तो करणारा मी आहे. नोकरी गेली तर आईला घेऊन मी कुठे जाऊ, हाही प्रश्न खराच आहे, पण प्रत्येक मसुद्याच्या वेळी तो नेमका कसा आठवतो याचं मला आश्चर्य वाटतं.

काल रुक्मिणीबाईंना भेटायला दवाखान्यात गेलो. सांगायचंच असं ठरवून गेलो होतो. त्यांनी मला स्टुलावर बसवलं, त्यांच्या सुनेला केळं सोलून द्यायला लावलं, आणि म्हणाल्या, "सर, हाड जुळन तं जुळन. पण तुमच्यानं चार महिने मी गाडीत झोपत गेली जी. येवढ्या वर्षांत पहिल्यांदा. त्या दिवशीबी झोपेतच होती, म्हणून भेव नाही वाटलं." मी केळं खाल्लं. घरी आलो, कपबशा किणकिणल्या, आई म्हणाली, "बावन्न डब्यांची." तिला ही विद्या मीच शिकवली आहे. बाहेर जायचं तर रेल्वेचं फाटक बंद होतं.

आता चाकणचं. तुला आठवत असेलच, त्या छोट्या मालवाहू ट्रकचा हाच सूर आणि हाच वेग. महिनाअखेरीपर्यंत आवाज घालवा, असं साहेबांनी सांगितलं होतं. पाट्यांचे बुश मऊ करावेत हे मी सुचवलं. तू म्हणालीस, आधी गिअर उघडून बघू. आपण त्या दिवशी जेवायला वेगळ्या टेबलांवर बसलो. संध्याकाळी तू ड्रॉइंगच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलंस, "आधी ऐका, मग बुजवा." ड्रॉइंग साहेबांकडे गेलं, मंजूर झालं, आणि तुझं वाक्य त्यावर नव्हतं. त्या ट्रकचं पुढे काहीही वाईट झालं नाही. झालं असतं तर कदाचित मी शिकलो असतो. पाच महिन्यांनी तू राजीनामा दिलास. गेटजवळ मला म्हणालीस, "साहेबांनी माझं वाक्य खोडलं त्याचं एवढं नाही रे. पण तू तरी ऐकलं होतंस, ते माझ्या लक्षात राहील." पुढच्या प्रत्येक पत्रात तू मला ऐकणारा माणूस समजून लिहीत राहिलीस. तुझं शेवटचं पत्र मी पूर्ण वाचलंही नाही. दुसऱ्या पानावर तेच होतं.

समीक्षा, ते वाक्य साहेबांनी खोडलं नव्हतं. त्यांनी ते पाहिलंच नाही. ड्रॉइंग त्यांच्या टेबलावर ठेवायच्या आधी जिन्यात उभं राहून मी खोडलं. खोडरबर माझं होतं. ते एकदा तुला सांगितल्याशिवाय तुळशीरामचा अहवाल माझ्याच्यानं लिहून होईना, हे मला अठरा दिवसांनी कळलं, आणि म्हणून हे पत्र. आज दुपारी चौथा मसुदा लिहिला. गादी कोणी घातली, का घातली, एक्सल का उघडला नाही, तुळशीरामनं काय विचारलं होतं आणि मी हसून काय उत्तर दिलं होतं, सगळं पहिल्या पानावर आहे, तेलाच्या आधी. तेलही आहे. बेअरिंग मी घालवलं का, याच्यापुढे "सांगता येत नाही" असं लिहिलंय. "गाडी बोलली नाही" हे चालकाचं विधान तांत्रिकदृष्ट्या अचूक आहे, असं एक वाक्य आहे. आणि निष्कर्षात सगळ्यात वर तुझं वाक्य आहे, शाईनं. मंगळवारी द्यायचा आहे. प्राचार्य काय करतील माहीत नाही. मला सुटल्यासारखं वाटत नाही, तेही लिहून ठेवतो. उत्तराची अपेक्षा नाही असं इथे लिहिलं होतं, ते खोडलंय, तुला दिसेलच. आहे.

माझ्या डायरीत रोज शेवटी उद्याचं एकच काम लिहायची सवय तुला ठाऊक आहे, त्यावरून तू मला "एककामी" म्हणायचीस. गेले अठरा दिवस ती ओळ कोरी आहे. आजची इथेच लिहितो.

तुझाच,
अनंत

उद्याचं काम: वरवट बकालला जाऊन अहवाल आधी तुळशीरामला वाचून दाखवणे. टपरीवर, मोठ्यानं.