म्हातारीच्या जागी

सोमवार, ३ फेब्रुवारी

म्हातारी अखेर बसली. तळ्याच्या धक्क्याचा उतार, मागे ट्रेलर, त्यावर दुरुस्तीला न्यायची बोट – आणि अर्ध्या चढावर गिअरबॉक्सने मान टाकली. ह्यांनी हँडब्रेक ओढला. मी आणि नणंदेने चाकांमागे ठोकळे टाकले. बोट वाचली, पिकअप गेली.

मिस्त्री संध्याकाळी येऊन खाली वाकून बघून गेले. आता हिच्यावर खर्च म्हणजे मढ्याला टॉनिक, म्हणाले. ऐकवत नव्हतं. आमचं सगळं घर हिच्या मागच्या हुकावर चाललेलं. हे बोटी ओढून आणतात आणि पोचवतात, मी त्यांची कव्हरं आणि गाद्या शिवते, नणंद फोन सांभाळते आणि सगळ्यांना बोलते. तिला घरात बारकी म्हणतात. नावाची बारकी, उभी राहिली की दार भरतं.

निघताना मिस्त्रींनी विचारलं, डावा दरवाजा एवढा कधी चेपला? हे म्हणाले, फाटकाचा खांब पुढे आलाय. सगळे हसलो.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

बंदरावरच्या क्लबच्या सेक्रेटरींचा फोन. दर हंगामाला त्यांच्या शिडाच्या बोटी आमच्याकडे दुरुस्तीला येतात आणि घाट उतरून बंदरावर जातात – नेणं, आणणं, दोन्ही आमच्याकडे. यंदा जमणार का, महिनाअखेर सांगा, नाहीतर दुसरीकडे देतो. बारकीने गोड बोलून वेळ मारून नेली.

हे काम गेलं तर वर्कशॉप चालत नाही. बाकीचं सगळं तळ्याकाठचं किरकोळ. बारकी म्हणाली, "मग काय वहिनी, उशांचे अभ्रे शिवू."

तेव्हा नवी गाडी. आणि घाटाला पुरेल अशी.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

शोरूम. तिथल्या बाई बऱ्या वाटल्या. आधी गाडी दाखवली नाही, दोन प्रश्न विचारले – एका खेपेत किती लांब जाता, आणि गाडी किती वर्षं ठेवणार? म्हणाल्या, इंजिन त्यावर ठरतं, रंग नंतर.

जे कळलं ते लिहून ठेवते. पेट्रोल इंजिन स्वस्त, हलकं, जवळच्या फेऱ्यांना कुरकुरत नाही. पण मागे वजन असलं की चढावर ओरडत वर जातं, आणि पितं. डिझेल खालच्या वेगातच ओढतं, आणि उतारावर इंजिनच गाडी धरून ठेवतं – ब्रेक तापत नाहीत. पण महाग. आणि नुसतं बाजारात जाऊन यायला वापरलं तर त्याच्या फिल्टरमध्ये काजळी साचते. त्याला अधूनमधून लांब पळवावंच लागतं.

म्हणजे घाट असेल तर डिझेल, नसेल तर पेट्रोल. यात विचार करण्यासारखं काय? हे तर जन्मभर डिझेलवाले. पेट्रोल इंजिन म्हणजे शिवणयंत्राला लावायची वस्तू, असं मला हजार वेळा ऐकवलेलं. बाई बोलायच्या थांबल्या. मी ह्यांच्या तोंडाकडे बघतेय.

"पेट्रोलचं बघू," म्हणाले. "लांबचं नेणारे दुसरे असतीलच की."

शनिवार, ८ फेब्रुवारी

क्लबचं काय करायचं, विचारलं. "बघू." ह्यांचं 'बघू' म्हणजे नाही. एवढ्या वर्षांत एवढं तर कळतंच.

रविवार, ९ फेब्रुवारी

माझ्या कापायच्या टेबलावर सगळी माहितीपत्रकं पसरली. आज मॉडेल – बेस, मधलं, टॉप.

बारकी टॉपवर भाळली. वर काचेचं छत, गार-गरम होणारी चामड्याची सीट, दार उघडलं की आपोआप खाली येणाऱ्या पायऱ्या. मी म्हटलं, बोटीचा मालक तुला गाडीतून उतरताना बघून बोट तुलाच भाड्याने देईल. पण मलाही आवडली होती. खोटं कशाला लिहू.

मग बारीक अक्षरं वाचली. आम्ही सगळे नुसता एकच आकडा बघत होतो – मागे किती ओढते. तो मोठा, ठळक, फोटोखाली. पण गाडी स्वतःच्या पाठीवर किती घेते ते वेगळं, आणि ते दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतं. आतली माणसं, हत्यारांची पेटी आणि ट्रेलरचा जो भार हुकावर दाबतो तो – सगळं त्यात बसलं पाहिजे. आणि काचेचं छत, पायऱ्या, सीटच्या मोटरी, शिवाय डिझेलचं जड इंजिन – हे सगळं त्याच पाठीवरून वजा! टॉप मॉडेल घेतलं तर ओढायची ताकद आहे, पण दोन बोटींचा ट्रेलर लावल्यावर आम्ही तिघं आत बसूच शकत नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

बारकीने बेरीज दोनदा तपासली. "म्हणजे घाटात मी उतरून मागून चालायचं?"

मला वाटलं, झालं, हे आता बेस म्हणणार. म्हातारी बेसच होती. खाली रबर, पाइपने धुवायची. 'गाडी आहे, दिवाणखाना नाही' हे ह्यांचं ठरलेलं वाक्य. तर आज म्हणाले, मधलं बघू. रुंद आरसे, ट्रेलर दाखवणारा कॅमेरा आणि बटणावर सरकणारी सीट त्यात आहे म्हणून. कॅमेरा! मान वळत नाही त्यांनी घ्यावा, असं म्हणणारा हा माणूस.

पेट्रोल इंजिन, मऊ सीट आणि घाट बंद. मला त्यातून एकच अर्थ दिसला. विचारलं, "काम सोडायचंय का तुम्हाला? असेल तर सरळ सांगा."

पाना उचलून ट्रेलरला ग्रीस लावायला गेले.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

मिस्त्रींची जुनी पिकअप उसनी आणलीय. आमच्या फाटकाचा खांब पुन्हा पुढे आला. पुन्हा डाव्या बाजूला. मिस्त्रींनी चेपलेल्या पत्र्यावरून हात फिरवला, हे वरमले.

बारकीचं म्हणणं, दादाचं वय झालं, मन उडालं. मला पटत नाही. बोट पाण्यात उतरली की अजून धक्क्यावर उभे राहतात, ती दिसेनाशी होईपर्यंत. मन उडालेला माणूस चहाला जातो.

पण मग बोलत का नाहीत?

बुधवार, १२ फेब्रुवारी

सेक्रेटरींचा पुन्हा फोन. बारकीने सांगितलं, साहेब गाडी बघताहेत. खोटं नाही. साहेब नुसतीच बघताहेत.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

आज गाड्या चालवून बघितल्या. शोरूमच्या मागे त्यांचं स्वतःचं आवार आहे. त्यात बांधलेला चढ, आणि सिमेंटचे ठोकळे भरलेला ट्रेलर. बाईंनी ह्यांच्यापुढे किल्ली धरली. ह्यांनी ती घेऊन माझ्या हातात दिली.

"तू चालव. मला बाहेरून इंजिनचा आवाज ऐकायचाय."

मी गाडी चालवते, पण मागे ट्रेलर कधी लावलेला नाही. माझ्याकडे त्याचा परवानाही नाही. बाई म्हणाल्या, आवार आमचं, इथे चालतं. मग काय, बसले.

आधी पेट्रोल. चढली, पण शेजारच्या गल्लीला कळलं असेल. मग डिझेल. चढाच्या मध्यावर मुद्दाम थांबवली, ब्रेक सोडला, हळूच पाय दिला – निघाली! घाई नाही, कुरकुर नाही, ओझं वाहायची सवय असलेल्या माणसासारखी. उतरताना ब्रेकला पायसुद्धा लावावा लागला नाही. मला हसूच आलं.

मला वाटलं, संपलं. तर हे म्हणाले, आता मागे घे.

पहिल्यांदा ट्रेलर दुमडून गाडीच्या कुशीत शिरला. दुसऱ्यांदाही. बाई पुढे येऊ लागल्या, तर ह्यांनी हात करून थांबवलं आणि खिडकीशी आले. "स्टिअरिंग खालून धर. हात जिकडे नेशील, तिकडे ट्रेलरचं ढुंगण जाईल. आणि घाई करू नकोस, टाका घालतेस तसं घे." तिसऱ्यांदा तिरका गेला. चौथ्यांदा खुणेला ठेवलेल्या दोन डब्यांच्या मधोमध, सरळ.

आरशात बघितलं. हे ट्रेलरकडे बघतच नव्हते. माझ्या हातांकडे बघत होते.

मी उतरायच्या आत बाईंना सांगून टाकलं, "डिझेल. मधलं मॉडेल."

परत येताना विचारलं, पेट्रोलचं काय झालं? तर म्हणे, डिझेलचा आवाज चांगला आहे. जाऊ दे. कारण काही का असेना, जिंकले मी.

शनिवार, १५ फेब्रुवारी

बारकीने क्लबला होकार कळवला. फोन ठेवून खुर्चीतल्या खुर्चीत गिरकी घेतली. खुर्ची करकरली.

मी क्लबच्या कव्हरांचं कापड मागवलं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

हे रोज संध्याकाळी उसन्या पिकअपला रिकामा ट्रेलर लावतात आणि मला आमच्या आवारात मागेपुढे घ्यायला सांगतात. कारण विचारलं तर ग्रीस नीट बसायला हवं.

बारकी पायरीवर बसून बघते. "वहिनी, मागे गेल्याशिवाय ग्रीस बसतच नाही वाटतं."

आज वर्कशॉपच्या दारात सरळ घातला. मीच माझी पाठ थोपटली.

बुधवार, ५ मार्च

क्लबची पाच कव्हरं झाली. गाडीचा पत्ता नाही. हे चिडत नाहीत. चिडायला हवं होतं.

सोमवार, १७ मार्च

आली! ह्यांनी आणायला जायचं होतं, पण बाईंना फोन करून त्यांच्याच माणसाला घेऊन यायला सांगितलं. नवी गाडी दुसऱ्याला चालवू दिली – माझा विश्वास बसेना.

मी आधी दाराच्या चौकटीवरचं स्टिकर वाचलं. आम्ही तिघं, पेटी, हुकावरचा भार – बसतं सगळं. वर थोडं उरतंही. बारकी म्हणाली, ते उरलेलं माझ्या नावावर लिही.

मग ह्यांनी मला आत बसवलं. म्हणाले, सीटची शिवण बघ, तुझं क्षेत्र आहे. बघितली. टाका लांब आहे, दोन वर्षांत उसवेल. मी नावं ठेवत होते आणि हे विचारत होते – पाय पोचतात? आरसा दिसतो? पाठ टेकते? जरा पुढे घे. अजून जरा. मग दाराशी वाकून काहीतरी दाबलं. मला वाटलं काच.

मंगळवार, १८ मार्च

दाराच्या आत दोन छोटी बटणं आहेत, एक आणि दोन. कोण किती पुढे बसतं ते गाडी लक्षात ठेवते. एक दाबलं – सीट सरकत सरकत माझ्या मापाला आली. दोन दाबलं. काहीच हललं नाही.

आत जाऊन विचारलं, तुमची सीट लावायची राहिली का?

हे चहा गाळत होते. थोडा कपाच्या डावीकडे ओट्यावर सांडला. "डावीकडचं दिसत नाही गं. डॉक्टरांनी पावसाळ्यात सांगितलं. आता नाही चालवायची." मग म्हणाले, "तुला ट्रेलर जमेल की नाही, माहीत नव्हतं. नसता जमला तर जवळच्या कामांना कुणी ड्रायव्हर ठेवला असता. त्याला पेट्रोल पुरलं असतं."

पावसाळ्यात! आणि तेव्हापासून खांबाला नावं ठेवतोय हा माणूस, आणि आम्ही हसतोय. मी खूप बोलले. ह्यांनी ऐकून घेतलं. मग ओटा पुसत म्हणाले, "परवान्याची परीक्षा गुरुवारी आहे. तुझं नाव दिलंय."

दुपारी गाडी मी बाहेर काढली. हे शेजारी बसले, बारकी मागे. फाटकाचा खांब जागच्या जागी आहे.