तुझ्या कमानीखालचं 'नाही'

बाबा, काल तुझ्या पुलावर जाऊन आले. एकटीच. लेक म्हणाला, "आई, तिकडे बघण्यासारखं आहे तरी काय?" म्हटलं, तुला नाही कळायचं, आणि पनवेलहून रिक्षा केली. घरात माणसं आहेत रे, पण तुझ्याबद्दल बोलावं असं त्यात एकही उरलेलं नाही. कर्नाळ्याच्या अलीकडे नवा हायवे सरळ निघून जातो आणि तुझा पूल बाजूला पडलाय, काळ्या दगडाचा, तीन कमानींचा. रिक्षावाल्याला ठाऊकच नव्हता. "कौनसा ब्रिज, मॅडम?" करत होता.

तू रस्त्यावरचा मैलकुली. खड्डे बुजव, गवत काप, मोऱ्या साफ कर. पण जीव सगळा या पुलावर. पाऊस सरला की कमरेला दोर बांधून खाली उतरायचास आणि दगडांच्या फटीत रुजलेले पिंपळ काढायचास. मी, शाळकरी पोर, कठड्याशी बसलेय, मांडीवर दप्तर, मला नुसती तुझी टोपी दिसतेय. खालून आवाज येतो, "चुन्याचा पूल हाय, बाय. झाड शिरला का दगड सुटला." पिंपळ तोडायचा नाही, म्हणून तू आधी त्याला हात जोडायचास, "देवा, घर बदल," म्हणायचास आणि मुळासकट उपटून ओल्या गोणपाटात गुंडाळायचास. मग तो रस्त्याकडेला लावायचा, पाणी घालायचं. खात्यानं असलं काही सांगितलेलं नव्हतं.

आणि मग तो दिवस. मी शाळेत बाई झाले होते, पनवेलची मंडळी मला बघायला आली होती. स्वयंपाकघरातून पोह्यांच्या बशा घेऊन मी बाहेर आले, तेव्हा तू सांगत होतास, "आमी काय मोठी मानसा नाय." कुठून अक्कल सुचली कोण जाणे! भर पाहुण्यांत म्हटलं, "बाबा, नाय काय? 'नाही' म्हण, नाही!" मंडळी हसली. तूही हसलास, आणि मग कपाच्या काठावरून बोट फिरवत राहिलास. लग्न तिथेच जमलं. पण त्यानंतर चार माणसांत मी असले की तू तोंडच उघडायचा नाहीस, नुसती मान हलवायचास. माझ्या घरी यायचास ते पाहुण्यासारखा, खुर्चीच्या टोकावर बसून. मला वाटायचं, रुसलाय म्हातारा. मलाही राग यायचा. एका शब्दाचं किती धरून बसायचं माणसानं! तसाच तू गेलास. माफी मागायची राहिली, आणि काल मी त्यासाठीच गेले होते, दुसरं काही नाही.

फटीतले पिंपळ आता मनगटाएवढे झालेत. कठड्यावरून वाकून एकाला हात घालून ओढलं, हललासुद्धा नाही. मधल्या कमानीखाली एक म्हातारा जाळं सोडवत बसला होता. "कोन पायजे, ताय?" म्हणाला. म्हटलं, सहज, पूल बघायला आले. तो हसला. "आता कोन येत नाय इथं. आदी एक मैलकुली यायचा. दुपारची भाकर खाल्ली का हितं बसून 'नाही, नाही' घोकायचा. आमी जाम हसायचो. बोलायचा, माजी पोर शालंत बाई हाय, ती मना बोलाया शिकवतं. नीट जमला का तिच्या घरी जाऊन बोलेन."

बाबा, मी कठड्याला धरून उभी राहिले. रुसला नव्हतास तू. शिकत होतास. आणि मी एवढी वर्षं तुझ्यावरच रागावून बसले.

म्हाताऱ्यानं मान वर करून विचारलं, "तुमी वलखत व्हता काय त्याला?"

मी म्हटलं, "नाही."

अगदी शुद्ध. शाळेत फळ्यासमोर म्हणावं तसं. का म्हटलं, देव जाणे. तोंडातून निघून गेलं. तो बरं म्हणाला आणि पुन्हा जाळ्याला लागला. खरं सांगावं म्हणून रस्त्यावरून चार पावलं मागे वळलेही होते, तेवढ्यात रिक्षावाल्यानं हॉर्न दिला आणि मी जाऊन बसले. घरी सांगितलं, पूल छान आहे. हे पत्र कुठे टाकणार? तुला सहीपुरतंच लिहितावाचता यायचं. म्हणून तुला एकट्याला सांगते: हॉर्नचं नुसतं निमित्त झालं. तो वाजला नसता, तरी मी रिक्षातच जाऊन बसले असते.