कोंड्याचं अंथरूण

बाबा, आपल्या घरात दोन गिनीपिग होते, आता एकच आहे. गिनीपिग म्हणजे काय ते तुम्हाला आधी सांगायला हवं. उंदरापेक्षा मोठा, सशापेक्षा लहान, शेपूट नसलेला, दिवसभर काहीतरी चघळत बसणारा आणि पालकाची जुडी दिसली की शिट्टी फुंकल्यासारखा ओरडणारा जीव. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "हे कायच्या कामाचं वो बाई? अंडं देते का दूध देते?" कशाच्याच कामाचं नाही, बाबा. तुम्ही न पाहिलेली तुमची नात आता आठवीत आहे. तिने वर्षभर हट्ट धरला, म्हणून आम्ही नागपूरहून एक पांढरा आणि एक तपकिरी असे दोन आणले. त्यातला तपकिरी परवा मेला, आणि तो माझ्यामुळे मेला. पण एवढ्याशा जनावरासाठी मी तुम्हाला लिहायला बसलेले नाही. तुम्ही गेलात तेव्हा तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहून गेली होती. मी ती राहू दिली होती. आता ती आत ठेवून मला शाळेत पोरांसमोर उभं राहता येईना, म्हणून लिहिते आहे.

पिंजऱ्यात खाली काय अंथरायचं, यावर पोरीने मोबाइलमध्ये बघून वहीची दोन पानं भरली होती. लाकडाचा बारीक भुसा नको, वासाच्या लाकडाचा तर मुळीच नको. धानाच्या काड्यांची तणीस टोचते, डोळ्यात जाते. कापूस ते खातात आणि तो पोटात अडकतो. कागदाचे कपटे चालतात, जाड लोकरी कापड चालतं, फक्त रोज बदलायला हवं. मी पेपर तपासत होते. वही न बघताच हसले. तुमसरात राहून अंथरुणाची चिंता! गावाबाहेर पडलं की एकेका राईस मिलच्या मागे कोंड्याचे ढीग उभे आहेत, धान भरडून उरलेली सोनेरी टरफलं, न्याल तेवढी न्या. बर्फाच्या लाद्या आपण कोंड्यात ठेवल्या, अंडी कोंड्यात ठेवली, आईने कोंबडीची पिल्लं कोंड्यावर वाढवली. मी म्हटलं, "ज्याच्यावर अख्खं गाव जगलं, ते तुझ्या दोन उंदरांना चालत नाही काय?" ती म्हणाली, "आई, त्यात धूळ असते." मी म्हटलं, "पाखडून घेऊ." ह्यांच्या मित्राच्या मिलमधून पोतं आलं आणि मी अंगणात सूप घेऊन बसले. पाखडताना नाकातोंडावर ओढणी घट्ट बांधली होती. ती मला कोणी बांधायला सांगितली नव्हती, हात आपोआप गेले.

हात कुठून शिकले, ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही मिलमधून यायचात तेव्हा आई तुम्हाला उंबरा ओलांडू द्यायची नाही. अंगणात दगडावर तुम्ही उभे, केस, भुवया, कानांच्या पाळ्या सगळं पिवळट, आणि आई लांबून तांब्याने पाणी ओतते आहे. पहिल्या तांब्याबरोबर खोकला सुरू व्हायचा. मी चुलीपाशी कोंड्याची शेगडी भरत असायची. मधोमध बाटली उभी धरायची, भोवती कोंडा ठासायचा, मग बाटली अलगद उपसायची की जाळाला वाट होते. ते काम मला छान जमायचं. तुम्ही ओल्या अंगाने वाकून बघायचात आणि म्हणायचात, "वा, मास्तरीण!" कोंडा तुम्हीच पोत्याने आणायचात. आपला स्वयंपाक त्याच्यावर व्हायचा आणि तुमची छातीही त्यानेच भरत चालली होती, हे मला तेव्हा एकत्र दिसलं नाही.

एकदाच मी डबा घेऊन मिलच्या आत आले होते. आठवतं? आईला ताप होता. मशीनच्या मागे, कोंडा पडतो त्या खोलीत तुम्ही फावडं घेऊन उभे होतात आणि धुळीत तुमच्यापलीकडची भिंतही दिसत नव्हती. मला पाहून तुम्ही असे ओरडलात, की मशीनच्या आवाजातही ते ऐकू आलं. "कायले आली अंदर? भायेर हो! नाकाले ओढणी लाव आंधी!" दंडाला धरून बाहेर ओढत आणलंत. बाहेर आल्यावर डबा हातात घेतलात आणि हळूच म्हणालात, "इथं पुन्हा येजो नको, बाई." मी रागावले होते. चारचौघांत ओरडलात म्हणून दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही.

आता या महिन्याचं सांगते. कोंडा अंथरून आठवडा झाला असेल, तर पोर म्हणाली, "आई, हा शिंकून राहिला." मी म्हटलं, हवा बदलते आहे. पुढे म्हणाली, "त्याच्या डोळ्याले पाणी आहे." मी म्हटलं, पुसून घे. मग तो खायचा थांबला आणि कोपऱ्यात अंग फुगवून बसला. श्वास घेताना त्याची कूस आत-बाहेर होत होती आणि त्यातून बारीक करकर ऐकू यायची. तेव्हा कुठे मी त्याला टोपलीत घालून पोरीसोबत जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांचं सगळं आयुष्य गाई-म्हशींत गेलेलं. त्यांनी नळी लावली तर तिच्या चकतीखाली त्याची अख्खी छाती झाकली गेली. बराच वेळ ऐकून त्यांनी विचारलं, "कशावर ठेवता याले?" मी म्हटलं, "कोंड्यावर." त्यांनी नळी कानातून काढली. "मॅडम, तुम्ही शिकलेल्या, तुमसरच्या, आणि कोंडा? आंधी त्याले धुळीतून काढा. औषध त्याच्या मागून."

बाबा, मी तिथेच रडायला लागले. पोरीला वाटलं, मी त्याच्यासाठी रडते आहे.

हेच शब्द मी आधी ऐकले होते. बारावीत होते तेव्हा. तुमचा खोकला हटेना म्हणून आपण बाजारातल्या डॉक्टरकडे गेलो. त्याने छातीचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला आणि विचारलं, घरात शिकलेलं कोण आहे? तुम्ही केवढ्या तोऱ्यात सांगितलंत, "माही पोरगी बारावीत आहे, तिले सांगा." आणि सदरा घालायला बाहेर बाकावर जाऊन बसलात. डॉक्टर मला म्हणाला, "बाबांना मिलमधून काढ. आधी धुळीतून काढ, औषध त्याच्या मागून. तिथेच राहिले तर दोन-तीन वर्षं, फार नाही." मी मान हलवली. दारापर्यंत चार पावलं होती. त्या चार पावलांत मला आईच्या मांडीवरचं विड्यांचं सूप दिसलं आणि तिच्या शेजारी विड्या वळत बसलेली मी दिसले. डी.एड.चा फॉर्म घरी आणून ठेवलेला होता. तुम्ही मिल सोडली असती तर तो तसाच राहिला असता.

तुम्ही गुंड्या लावत होतात. "का म्हणलं डॉक्टरनं?"

"खोकल्याची बाटली देली. बरं होईल म्हणे."

"बस, इतकंच?"

"इतकंच."

तुमचा चेहरा कसा मोकळा झाला! स्टँडवर आपण आलुबोंडे खाल्ले. तुम्ही तुमच्यातला अर्धा मला दिलात आणि मी तो खाल्ला.

त्यानंतर तुम्ही तीन हंगाम मिलमध्ये काढलेत. मी भंडाऱ्याला शिकायला निघाले तेव्हा तुम्ही कापसाची नवी गादी भरून आणलीत, लाल पट्ट्यांची. स्वतःच्या डोक्यावर घेऊन बसपर्यंत आलात, वाटेत तीनदा थांबलात. आई म्हणाली, एवढं कायले? तुम्ही म्हणालात, "पोरगी मास्तरीण होऊन राहिली, तणसीवर निजंल का?" तुम्ही स्वतः तणीस भरलेल्या पोत्यावर निजत होतात. मी त्या गादीवर दोन वर्षं झोपले, आणि चांगली झोप लागत होती, हे सुद्धा लिहूनच टाकते. शेवटी तुम्हाला आडवं होता येईना, तेव्हा तीच गादी गुंडाळून तुमच्या पाठीशी लावली. तुम्ही बसून झोपायचात, बसून खायचात, आणि भर दुपारी बसल्या बसल्याच गेलात. माझ्या नोकरीचा कागद येऊन आठ दिवस झाले होते.

तुम्हाला सगळं ठाऊक होतं, असं मी इतकी वर्षं स्वतःला समजावत आले. मला मिलमध्ये येऊ दिलं नाहीत, म्हणजे धूळ काय करते ते तुम्हाला कळत होतं. मग माझ्या सांगण्या-न सांगण्याने काय बिघडलं? या हिशेबावर माझं बरं चाललं होतं. पण तुम्ही मला विचारलं होतं. "बस, इतकंच?" ज्याला पक्कं ठाऊक असतं तो असं विचारत नाही. तुम्हाला भीती होती आणि तुम्ही ती माझ्यापाशी आणली, कारण मी शिकलेली होते.

तपकिरी त्यानंतर चार दिवस जगला. कोंडा मी त्याच दिवशी उचलून बाहेर फेकला. पोरीने जुनी लोकरी चादर कापून घातली, वर कागदाचे कपटे टाकले, ड्रॉपरने औषध पाजलं. परवा सकाळी तो चादरीच्या घडीत कडक होऊन पडला होता. सीताफळाखाली तिने स्वतः खड्डा केला, मला फावड्याला हात लावू दिला नाही. माती लोटून झाल्यावर माझ्याकडे बघून तिने विचारलं, "आई, तुले माहीत होतं का कोंड्याचं?"

मी म्हटलं, "नाही."

तोच आवाज, बाबा, तसाच सरळ. सतरा वर्षांची असताना तुम्हाला 'इतकंच' म्हणाले होते तो. तिने "बरं" म्हटलं आणि हात धुवायला गेली.

पांढरा अजून आहे. शिंकत नाही, पण त्या रिकाम्या कोपऱ्याकडे तोंड करून बसतो. पोर रोज शाळेतून आली की घरातली रद्दी गोळा करते आणि त्याच्यासाठी कपटे करते. माझे पाठांच्या टाचणाचे कागद, जुन्या प्रश्नपत्रिका, सगळं त्याच्या अंगाखाली जातं. हे पत्रही तिथेच जावं, असं लिहिता लिहिता वाटलं होतं. पण मी ते कपाटात कुलपात ठेवणार आहे. फाडण्याआधी ती प्रत्येक कागद वाचते.