अक्कानं शिवलेलं गाईडबुक

४ जानेवारी

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

मार्चमध्ये तू आणि मी जहाजावर जाणार आहोत. हे वाक्य पुन्हा वाच, मग पुढे जा.

तुझी भाची ज्या प्रवास कंपनीत काम करते, तिथे एका जहाजावरची खोली ऐन वेळी मोकळी झाली. भिंगरीनं ती आपल्या दोघांच्या नावावर करून टाकली. दोन पलंग, एक गोल खिडकी. आठवडाभराचा फेरा, वाटेत पाच बंदरं. स्वयंपाक जहाजवाले करतात आणि भांडीही तेच घासतात.

तू नाही म्हणायच्या आधी तुझी कारणं मीच लिहून टाकतो. ग्रंथालयाची फाटकी पुस्तकं बांधायची पडली आहेत. खळ नासेल. मांजराकडे कोण बघेल. तर ग्रंथालयात भिंगरीनं फोन केला, ते थांबायला तयार आहेत. खळ पुन्हा शिजवता येते. मांजराचं तुझ्या घरमालकिणीशी तुझ्यापेक्षा बरं जमतं.

माझं चष्म्याचं दुकान तो आठवडा बंद राहील. लोकांना तेवढे दिवस धूसर दिसलं तर बिघडत नाही.

लोभ आहेच. तो घेऊन जहाजावर ये.

तुझा,
गुंड्या


११ जानेवारी

चि. गुंड्यास,
अ. उ. आ.

तुला या वयात गुंड्या लिहिताना मला काही वाटत नाही, तुलाही वाटू देऊ नकोस.

मी येणार नाही. जगातली बहुतेक बंदरं माझ्या टेबलावरून गेली आहेत. प्रवासाची पुस्तकं सगळ्यात लवकर फाटतात, लोक ती उन्हात उघडतात आणि ओली ठेवतात. शिवताना मी ती वाचते. मग स्वतः जाऊन आणखी काय बघायचं? पाय दुखतील तेवढेच.

शिवाय मला नव्या जागी जमत नाही. रस्ता चुकले तर मी कुणाला विचारत नाही, हे तुला ठाऊक आहे. मी चालत राहते. जमिनीवर ते चालतं.

मांजराबद्दल जे लिहिलंस ते खरं आहे, पण लिहायची गरज नव्हती.

तब्येतीला जप. लोभ कमी करत नाही, पण जहाजासाठी वाढवणारही नाही.

तुझी,
अक्का

ता. क. ती पाच बंदरं कोणती, ते कळव. फक्त माहितीसाठी. खिडकी कुठल्या बाजूला आहे?


१५ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. आ.

आत्याचं पत्र आलं. नाही म्हणते आणि बंदरांची नावं मागते. ताकाला जाऊन भांडं लपवणं यालाच म्हणतात. तुझ्या कचेरीत गाईडबुकं असतील तेवढी तिला पाठव. पुस्तक समोर आलं की तिच्यानं राहवत नाही.

आता तुला एक सांगतो, ते तुझ्यापाशी ठेव. मला नुसती सहल नको आहे. तिनं आता इथे राहायला यावं असं मला वाटतं. तुझी आई गेल्यापासून आणि तू नोकरीला गेल्यापासून वरची खोली रिकामी आहे. तिकडे अक्का एकटी, इकडे मी एकटा, आणि दोघंही एकमेकांना तब्येतीला जप असं लिहितो. हा वेडेपणा आहे.

मी विचारलं नाही असं नाही. एकदा विषय काढला, तर ती खळ उतू जातेय म्हणून उठली. दुसऱ्यांदा तिला गिऱ्हाईक आठवलं. आम्हा लहानांना तिनं वाढवलं, तिला कुणी आसरा दिलेला खपत नाही. तिला वाटेल, मी उपकार फेडतो आहे. खरं म्हणजे मला संध्याकाळी भांडायला कुणीतरी हवं आहे. हे सांगता येत नाही.

जहाजावरून ती उठून आपल्या बांधणीच्या दुकानात जाऊ शकत नाही. म्हणून जहाज.

जेवत जा. पत्राला वेळ नसेल तर नुसतं जेवत जा.

तुझा,
बाबा


२२ जानेवारी

प्रिय आत्या,
सा. न.

सोबत तीन गाईडबुकं पाठवते आहे. ही आमच्या कचेरीच्या कपाटात पडून होती. आता कुणी मागत नाही, सगळं मोबाइलवर असतं. तुझ्याकडे तो नाही आणि असता तरी तुझ्या खळीच्या बोटांना पडदा दाद देत नाही, म्हणून पुस्तकं.

एक लक्षात ठेव. तिन्ही वेगवेगळ्या वर्षांची आहेत. देवळं, किल्ले, डोंगर जागचे हलत नाहीत, तेव्हा जुन्यातून वाचलंस तरी चालेल. पण जहाज कुठे लागतं, गाव तिथून किती लांब, ते नव्या जाड पुस्तकातूनच बघ. वर्ष पहिल्या पानामागे छापलेलं असतं. हे तुला सांगणं म्हणजे गवळ्याला दूध दाखवणं आहे, पण नोकरीत रोज सांगून सवय लागली.

तू जा. बाबा एकटे गेले तर पहिल्याच बंदरात चष्म्याच्या दुकानात शिरून बसतील.

लोभ आहे तसा राहू दे. त्याला तुझी शिलाई आहे, उसवत नाही.

तुझी,
भिंगरी


९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. आ.

तिन्ही पुस्तकं वाचून झाली. मी जाते आहे. बाबाला सांग, मी सांगितलं तर तो फुशारेल.

पहिलं जाड. त्याला सगळं माहीत आहे, कुणी काय कधी बांधलं. असा माणूस शेजारी बसला तर मी जागा बदलीन, पण जहाजावर चढण्याबद्दल ते शहाणं आहे. मोठं सामान खोलीत उशिरा पोचतं, तेव्हा गोळ्या आणि स्वेटर हातातल्या पिशवीत ठेवावा. खोली जहाजाच्या मधोमध असली तर कमी हलते. आपली मधोमध आहे, तुझे आभार. दुसरं जहाज कंपनीनंच काढलेलं. त्यात प्रत्येक दगड अविस्मरणीय आहे. ते मी पहिल्या प्रकरणावरच मिटलं.

तिसरं बारीक आहे आणि सगळ्यात जुनं. एका बाईनं लिहिलं आहे. तिचे पाय दुखत असावेत, कारण प्रत्येक गावात बसायला कुठे मिळेल ते ती आधी सांगते. चर्चच्या कितव्या पायरीवर सावली असते, कुठल्या चहावाल्याकडे खुर्चीला पाठ आहे. ही बाई मला आवडली. तिच्या भरवशावर मी निघते आहे.

तीन पुस्तकं घेऊन कोण हिंडणार? मी ती उसवली, नको ते काढलं आणि उरलेल्याचं एकच शिवलं. कापडी पाठ लावली, वर मेणकापड. चौथ्या बंदराची पानं जाड पुस्तकात गुळगुळीत कागदावर होती. असला कागद टाका धरत नाही, दोनदा उघडला की सुटतो. म्हणून तिथे त्या बाईची पानं घातली. तिचा कागद बघायला हवास. कोपरा दुमडला तर आवाज येत नाही.

रबरी तळव्याचे बूट घेतले. घरात घालून हिंडते. मांजर लांब राहतं.

लोभ आहेच, तो पुस्तकाला पुरून उरेल.

तुझी,
आत्या


१६ मार्च, जहाजावरून

चि. भिंगरीस,
अ. आ.

तीन बंदरं झाली. आत्या पहिल्या रात्री एकदा म्हणाली की हे हलतंय, मी म्हणालो की ते जहाज आहे. त्यानंतर तिनं तक्रार केली नाही.

ती बंदरावर उतरली की पुस्तक उघडते आणि मोठ्यानं वाचते. कालपर्यंत मी एकटा ऐकत होतो. आज आमच्या मागे जेवणाच्या टेबलावरची चार माणसं होती. एक निवृत्त दंतवैद्य आहे, तो वहीत उतरून घेतो. कंपनीची सहल घेतलेले लोक बसमध्ये बसून गेले आणि दमून आले. आम्ही त्या बाईच्या बाकांवरून बाकांवर गेलो. पुस्तकात लिहिलं होतं तिथे सावली होती. दंतवैद्य म्हणाला की आयुष्यात पहिल्यांदा सहलीत पाय दुखले नाहीत. आत्यानं जणू स्वतःच ते बाक बांधले अशा चेहऱ्यानं मान हलवली.

विचारलं का, असं तू विचारशील. नाही. काल जेवताना सुरुवात केली, तेवढ्यात सूप आलं. आज डेकवर तोंड उघडलं तर तिनं ओळीवर बोट ठेवून मला थांबवलं. जहाजावरून दुकानात जाता येत नाही हे मी ओळखलं होतं. ती दुकान बरोबर आणील हे ओळखलं नव्हतं.

उद्या चौथं बंदर. मग एकच उरतं.

तुझा,
बाबा


१८ मार्च, जहाजावरून

चि. भिंगरीस,
अ. आ.

बाबा तुला तिखटमीठ लावून लिहील, त्याआधी मी लिहिते.

काल आम्हाला छोट्या बोटीनं किनाऱ्यावर सोडलं. परत मात्र जहाज धक्क्याला लागेल तिथूनच चढायचं होतं. धक्का कुठे, हे सगळ्यांनी तिथल्या माणसाला विचारून घेतलं. मी विचारलं नाही. माझ्या पुस्तकात होतं. घड्याळाच्या मनोऱ्याखालून उतारानं गेलं की धक्का, आणि धक्क्याच्या टोकाला बाक, जिथून आपलं जहाज आपल्याला पाठमोरं दिसतं.

दिवस सुंदर गेला. दंतवैद्य त्या दिवशी पोट बिघडून खोलीत होता, बाकीचे बसनं गेले, म्हणून आम्ही दोघंच. मनोरा होता. उतार होता. खाली आलो तर बाकही होता. जहाज नव्हतं. धक्काही नव्हता, बाग होती. जिथे जहाज लागायला हवं तिथे मुलं घसरगुंडीवरून खाली येत होती. मी पान पुन्हा वाचलं. मग उलटून, तू सांगितलेल्या जागी वर्ष बघायला गेले. ते पान मी शिवताना काढून टाकलं होतं.

आम्ही बाकावर बसलो. बाबाचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, आता मला बोल लावेल, लावायलाच हवा होता. त्यानं समुद्राकडे बघत म्हटलं की वरची खोली रिकामी आहे, उजेड चांगला आहे, आणि तू राहायला येशील का. म्हणाला, तुझ्यासाठी विचारत नाही, माझ्यासाठी विचारतो. संध्याकाळी घरात आवाज नसतो.

भिंगरे, जहाज सुटलेलं, सामान गेलेलं, आणि हा माणूस मला खोलीचा उजेड सांगत होता. मी हसायला लागले. हसू थांबेना. तो रागावला, मग तोही हसला. घसरगुंडीवरची मुलं आमच्याकडे बघत उभी राहिली.

तेवढ्यात टेकडीच्या पलीकडून भोंगा वाजला. आपलंच जहाज, तिकडे, नव्या धक्क्यावर. मी उठले आणि रस्त्यावर टपालाची गाडी उभी होती, तिच्या चालक बाईला जाऊन विचारलं. मी विचारलं. बाबा साक्षीला आहे. माझी भाषा तिला कळेना, तिची मला. मी टेकडी दाखवली आणि भोंग्याचा आवाज काढून दाखवला. तिनं मागचं दार उघडलं. आम्ही पार्सलांत बसून गेलो. एका खोक्यावर आत नाजूक वस्तू असल्याचं चित्र होतं, बाबाला मी त्यावर बसू दिलं नाही. आम्ही चढलो आणि मागे शिडी उचलली. दंतवैद्य कठड्याला धरून टाळ्या वाजवत होता.

बाबाला मी उत्तर दिलेलं नाही. तो विचारत नाही, नुसता माझ्या ताटात वाढतो. मला आधी एक मोजमाप करायचं आहे.

लोभ असू दे, आणि वर्ष छापलेलं पान कधी फेकू नकोस.

तुझी,
आत्या


२ एप्रिल

चि. गुंड्यास,
अ. उ. आ.

घरी पोचून दहाबारा दिवस झाले. मांजरानं ओळख दाखवायला वेळ घेतला.

आपलं पुस्तक पुन्हा उसवायला घेतलं होतं. चौथ्या बंदराची खरी पानं घालावीत असं ठरवलं होतं. मग थांबले. खरी पानं असती तर आपण वेळेवर नव्या धक्क्यावर पोचलो असतो, आणि तू अजून सुपाच्या आड लपून बसला असतास. ती बाई बाक चुकली नाही. तिची पानं तशीच ठेवली. फक्त समासात पेन्सिलीनं लिहिलं, धक्का हलला आहे, बाक आहे.

आता कामाचं. पुस्तकं दाबायचा माझा शिकंजा ओतीव लोखंडाचा आहे. तो जिन्यानं वर जाणार नाही आणि गेला तर वरची जमीन त्याच्यासकट तुझ्या डोक्यावर येईल. तेव्हा मी वर झोपेन, शिकंजा खाली राहील. तुझी रस्त्याकडची खोली लागेल. त्या दाराची रुंदी कळव, शिकंजा सव्वातीन फूट रुंद आहे. पट्टीनं मोज, अंदाजानं नको, तू चष्मेवाला आहेस.

खळीचा वास येईल. हातात दोरा असताना जेवायला हाक मारायची नाही. मांजर येईल. ग्रंथालयाला नवा पत्ता कळवला आहे, तेव्हा माघार घ्यायची असेल तर आधी त्यांना तोंड द्यावं लागेल.

भांडण संध्याकाळी. सकाळी मला काम असतं.

तुझी,
अक्का

ता. क. शरदात एक जहाज नदीतून जातं म्हणे. भिंगरीला पुस्तक मागितलं आहे. यंदाचं.


६ एप्रिल

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दुकानात उघडलं. गिऱ्हाईक समोर होतं, त्याला एकाच डोळ्याला दोनदा भिंग लावून बघितलं. तो म्हणाला, छान दिसतंय.

दार मोजलं. शिकंजा जाणार नाही, चार बोटं कमी पडतात. कळवून तुझं उत्तर येईपर्यंत तुझं मन बदलेल अशी भीती वाटली, म्हणून सुताराला बोलावलं आणि चौकटच काढून घेतली. सुतार नवी चौकट शिकंजा आत गेल्यावर बसवणार आहे, आधी नाही, असं त्याला बजावलं आहे.

त्यामुळे सध्या घराला दार नाही. रस्त्यावरून जाणारे आत बघतात आणि काय झालं असं विचारतात. बहीण येणार आहे, असं मी सांगतो. काल पोस्टमनही विचारून गेला. त्याला म्हटलं, आमची पत्रं आता बंद होतील, राग मानू नका.

रात्री वारा आत येतो. लवकर ये.

लोभ समोरासमोर.

तुझा,
गुंड्या